हापशाची साखळी

पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, तेच प्यायचे आणि सुमारे वर्षभराने पायातून नारू बाहेर पडायचा, अशी एके काळी अनेक खेड्यांची दशा होती. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली आढळला. हा रोग हटवण्यात विंधण विहिरीवरील हापशाचा वाटा मोठा आहे, कारण तिच्या पाण्यात कोणाचा पाय पडत नाही.

वातावरणाचा दाब पाण्याला जेमतेम 10 मीटर चढवू शकतो. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी पुष्कळदा त्याहून खोल असते. म्हणून दट्ट्या आणि झडपा असलेले नळकांडे खाली पाण्यातच सोडतात व लोखंडी गजांनी ते वरच्या दांड्याशी जोडतात. आता थोडे गणित करू. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 32 चौ. सेंमी. असते. पाणी 30 मीटर खोल असेल, तर दट्ट्यावर 96 किलोग्रॅम भार येईल. दांडा ही तरफ आहे. तिचा यांत्रिक फायदा 8 धरला, तर हाताला 12 किलोग्रॅमच जोर लावावा लागेल. गजांचे वजन निराळे, पण दांडा भरीव असल्याने ते बरेचसे तोलले जाते.

पूर्वीचे हापसे ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबापुरते. खेड्यात त्यांवर दिवसभर रांग लागे. दांड्याचे टोक कंसात फिरते, गज मात्र सरळ वर-खाली जायला हवा. या ओढाताणीत खिळी झिजत आणि हापसा बंद पडे. मग गाव पुन्हा जुन्या विहिरीवर!

यावर जालना व सोलापूर येथे पोलादी हापसे तयार झाले. सोलापूरच्या हापशावरूनच 1970 नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ घडला. त्याच्या दांड्याच्या टोकाला वर्तुळखंड असून त्यावरून साखळी लोंबते. दांडा कसाही फिरो, साखळी गजाला सरळ वरच ओढते. साखळीला ढकलता मात्र येत नाही! दट्ट्या खाली जातो तो गजांच्या वजनाने. त्यामुळे उथळ विहिरीवर हा हापसा तितकासा चालत नाही.

दट्ट्यावरचे वॉशर झिजतातच. ते बदलण्यासाठी ‘मार्क दोन’चे सगळे नळ उपसावे लागतात. पुढच्या ‘मार्क तीन’मध्ये नळ रुंद केला, दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो आणि दोघे-तिघे गावकरी हे काम करू शकतात.