रुपेरी पडद्यावरचा लोभ आणि उपासकाचा संसार



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत पैशाविषयी दोन चुकीच्या समजुती आढळतात. एक अशी की, बौद्ध होणे म्हणजे आहे त्या गरिबीत समाधान मानणे. भगवंतांनी राजवाडा सोडला, तेव्हा उपासकाने पैशाचे नाव काढणे शोभत नाही. दुसरी तिच्या अगदी उलट आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हाती काही लागू दिले नाही. आता जे मिळेल ते, मिळेल त्या वाटेने घ्यायला काय हरकत आहे? पहिली समजूत माणसाला दरिद्री ठेवते. दुसरी त्याला ठकाच्या दारात नेऊन उभी करते. या पाठात आपण मुख्यतः दुसरीचा विचार करणार आहोत, आणि त्यासाठी सुत्तांच्या जोडीला चार चित्रपट घेणार आहोत. धम्माच्या पाठात चित्रपट कशाला, असे एखादे वडीलधारे उपासक विचारतील. आपली मुले सुत्त वाचण्याच्या कितीतरी आधी चित्रपट पाहतात, एवढेच त्याला उत्तर आहे.

पहिल्या समजुतीबद्दल थोडक्यात सांगतो. कोलियांचा दीघजाणू भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही मुलाबाळांत राहणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे आहोत; आमच्या या जन्मीच्या हिताचे सांगा. भगवंतांनी त्याला ‘आधी सोने टाक’ असे सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगीपणा, कष्टाने मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि आवक पाहून खर्च. अनाथपिंडिक हा तर मोठा धनिकच होता. धनाला धम्माची मनाई नाही, ही गोष्ट प्रत्येक बौद्ध घरात स्पष्ट झाली पाहिजे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पैशाच्या शास्त्राचे पंडित होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १९१८ साली, बर्ट्रांड रसेल यांच्या एका पुस्तकाचे त्यांनी परीक्षण लिहिले. पैशाची आवड माणसाचा स्वभाव खुरटवते, असा रसेल यांचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी तो जसाच्या तसा मान्य केला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, माणूस पैसा नेहमी कशासाठी तरी मागतो, आणि त्या ‘कशासाठी’वरूनच ती आवड भूषणावह की लाजिरवाणी हे ठरते. मुलीच्या शिक्षणाची फी भरण्यासाठी रात्रपाळी करणारा बाप आणि शेजाऱ्यापेक्षा मोठा मंडप घालण्यासाठी कर्ज काढणारा बाप, दोघांनाही पैसाच हवा असतो. ही कसोटी मनात ठेवून आता चित्रपटांकडे वळू.

१९२५ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातला शेतकरी सावकाराच्या कर्जात जमीन गमावतो आणि शहरात येऊन गिरणी कामगार होतो. त्या शेतकऱ्याला लोभी कोण म्हणेल? हा चित्रपट मुद्दाम पहिला घेतला आहे. गरीब माणूस बुडाला की त्याला ‘हाव धरलीस ना, भोग आता’ असे सुनावणारे पुष्कळ भेटतात. प्रत्येक बुडण्याला बुडणाऱ्याची तृष्णाच कारण असते असे धम्म सांगत नाही. लोभ पुष्कळदा दुसऱ्याचा असतो आणि दुःख आपल्या वाट्याला येते.

आता १९५५ सालचा, राज कपूर यांचा ‘श्री ४२०’. यावर थोडे थांबू, कारण आपल्या वस्त्यांत जे घडते ते यात जवळजवळ जसेच्या तसे आहे. अलाहाबादचा राज मुंबईला येतो. प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले एक पदक त्याच्याजवळ असते. ते त्याला गहाण टाकावे लागते. फुटपाथवरची माणसे त्याला आपला म्हणतात, शिक्षिका विद्या त्याच्यावर प्रेम करते. पण पत्त्यांच्या खेळातली हातचलाखी त्याला माया आणि सेठ सोनाचंद धर्मानंद यांच्या घोळक्यात नेते. (विद्या आणि माया! पटकथाकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी नावे उगीच ठेवलेली नाहीत. सेठजींच्या नावात तर सोने आणि धर्म दोन्ही आहेत.) सेठ योजना काढतो : शंभर रुपयांत गरिबाला घर. आणि ती विकायला पुढे कोणाला करतो? राजला. सेठवर फुटपाथवाल्यांनी एक पैशाचा विश्वास ठेवला नसता. राज त्यांचा माणूस होता.

मुद्दा नेमका हा आहे. ठक स्वतः आपल्या दारी येत नाही. तो आपला भाचा, आपला मेहुणा, आपल्या वस्तीतला शिकलेला पोरगा पाठवतो. ‘जयभीम काका’ म्हणत तो आत येतो, पाणी पितो आणि मग पिशवीतून छापील कागद काढतो. त्या पोराच्या मनात कपट असतेच असे नाही; पुष्कळदा त्याने स्वतःच्या आईचे पैसेही त्यातच घातलेले असतात. सेठ आपल्या घामाचा पैसा नेतो हे खरेच, पण त्याआधी तो आपला एकमेकांवरचा विश्वास विकत घेतो. पैसा बुडाल्यावर दोन घरांत बोलणे बंद होते, लग्नकार्याला जाणे-येणे तुटते. ती भरपाई कोणते कोर्ट देणार?

म्हणून हिशेब घरातच शिकून घ्यावा. वर्षाला सात टक्के व्याजाने रक्कम दुप्पट व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात. जो वर्षात दुप्पट करून देतो म्हणतो, तो ते आणणार कोठून? १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरी चार्ल्स पाँझी नावाच्या इसमाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे वचन दिले होते. जुन्यांना तो नव्यांच्या मुदलातून पैसे देत होता; नवे आटले आणि डोलारा कोसळला. आपल्याकडे अशा साखळी योजनांवर १९७८ साली बंदी आली, ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला, आणि २०१९ साली नोंदणी नसलेल्या ठेव योजनांविरुद्ध केंद्राचा कायदा झाला. दंड विधानाच्या ज्या ४२० कलमाने चित्रपटाला नाव दिले, त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे ३१८ कलम आले. कलमाचा आकडा बदलला. सेठ सोनाचंद आहे तेथेच आहे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, छापील कागद घेऊन येणाऱ्याच्या योजनेला ते नसते, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

तिसरा चित्रपट अमेरिकेचा, १९८७ सालचा ‘वॉल स्ट्रीट’. त्यात गॉर्डन गेको नावाचा शेअर बाजारातला धनदांडगा भागधारकांच्या सभेत उभा राहून लोभाचे गुणगान गातो. ही केवळ लेखकाची कल्पना नव्हे. १९८६ साली आयव्हन बोएस्की या बाजारबहाद्दराने एका विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर लोभाची अशीच भलामण केली होती, आणि त्याच वर्षी गुप्त माहितीवर केलेल्या व्यवहारांबद्दल त्याला १० कोटी डॉलर भरावे लागले. चित्रपटात बड फॉक्स हा तरुण दलाल गेकोच्या नादी लागतो. त्याचे वडील विमान कंपनीत मेकॅनिक आणि कामगार संघटनेचे पुढारी असतात. त्यांच्याकडून घरात सहज कळलेली बातमी बड बाजारात विकतो, आणि गेको पुढे त्याच कंपनीचे तुकडे करून विकायला निघतो. महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेच्या प्रकारांत ‘लाभाने लाभ शोधणे’ असा एक प्रकार सांगितला आहे. गेको काही बनवत नाही, काही पिकवत नाही. तो लाभाने लाभ शोधतो. बडजवळ बुद्धी आहे, शील नाही. शीलावाचून विद्या ही तलवारीसारखी असते, हे बाबासाहेबांचे सांगणे येथे आठवावे. दुर्दैव असे की, हा चित्रपट पाहून कित्येक तरुणांना गेकोच आदर्श वाटला. आपल्याकडचीही शिकलेली मुले आज मोबाईलवर ‘ऑप्शन’चा सट्टा खेळतात. सेबीने २०२४ साली तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला : या बाजारात खेळणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या. दीघजाणूला भगवंतांनी धन वाहून जाण्याची जी चार छिद्रे सांगितली, त्यांत जुगार आहेच.

चौथा, २०१५ सालचा ‘द बिग शॉर्ट’, २००८ साली अमेरिकेतली कर्जबाजारी घरबांधणी कोसळली त्याविषयी आहे. त्यात एक भाडेकरू भेटतो. तो भाडे वेळेवर भरतो. पण मालकाने घरावरचे कर्ज कुत्र्याच्या नावाने काढलेले असते आणि हप्ते थकवलेले असतात. शेवटी भाडेकरूचे कुटुंब गाडीत राहते. चित्रपटात जे नाही तेही सांगतो. कंट्रीवाइड या अमेरिकन कर्ज कंपनीने दोन लाखांहून अधिक काळ्या आणि हिस्पॅनिक कर्जदारांना गोऱ्यांपेक्षा महाग कर्ज दिले, असा तेथील न्याय खात्याचा आरोप होता. २०११ साली ३३.५ कोटी डॉलर देण्याचे ठरून तो खटला मिटला. लोभालाही रंग कळतो, मग जात कळत नसेल काय? जो आधीच वेशीबाहेर आहे, त्याच्याकडेच महागडे कर्ज चालत येते.

मग उपासकाने करावे काय? सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन उद्योगधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. रोजंदारीच्या घरात दोन भाग धंद्याला कोठून निघणार, हे मलाही कळते. तेथे मुलांचे शिक्षण हाच धंदा समजावा. पण चौथा भाग, तो दहा रुपयांचा का असेना, सोडू नये. नवसाची कोंबडी आणि जत्रेचे कर्ज धम्मदीक्षेबरोबर सुटले. तो पैसा कोठे गेला, हे आपण कधी पाहिले आहे काय? बऱ्याच घरांत तो साखरपुड्याच्या मंडपात गेला. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसल्याचे एक स्वतंत्र सुख मोजले आहे. ते सुख एका दिवसाच्या बँडबाजाला विकणारी माणसे आपल्यात आहेत.

‘श्री ४२०’च्या शेवटाकडे पुन्हा वळू. सेठचे बिंग फुटल्यावर राज लोकांना सांगतो की, शंभर रुपयांत एकट्याचे घर होत नाही. पण सगळ्यांचे शंभर एकत्र आले तर ती मोठी रक्कम आहे, आणि तिच्या बळावर सरकारकडे जमीन मागता येते. तेच लोक, तेच पैसे. वस्तीतल्या बचत गटात, वही सर्वांसमोर उघडून, हेच काम चालते.

येत्या सुट्टीच्या दिवशी हा चित्रपट घरात सर्वांनी मिळून पाहावा. मग घरखर्चाची वही काढून गेल्या महिन्याचे चार भाग मुलांकडूनच पाडून घ्यावेत, आणि त्यांना विचारावे : राजने पदक गहाण टाकले तेव्हा त्याला पैसा कशासाठी हवा होता, आणि सेठकडे गेला तेव्हा कशासाठी?