कागदी पट्ट्यांचा पाऊस

रडारने सोडलेल्या रेडिओलहरी विमानावर आदळून परततात व त्यावरून त्याचे स्थान कळते. २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटनची सुमारे ७९० बाँबफेकी विमाने जर्मनीतील हँबुर्ग शहराकडे निघाली. वाटेत वैमानिकांनी अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या असंख्य कागदी पट्ट्या खाली सोडल्या. प्रत्येक पट्टी सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे जर्मन रडारच्या लहरीच्या निम्म्या लांबीची होती. म्हणून ती लहरी उत्तम रीतीने परतवी. रडारच्या पडद्यावर खोट्या खुणांची गर्दी उसळली. खरे विमान कोणते, हे कोणास उमगेना. ब्रिटनने त्या रात्री केवळ १२ विमाने गमावली. परंतु त्या आठवड्यातील हल्ल्यांत हँबुर्गचे ३०,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ज्या युक्तीने वैमानिकांचे प्राण राखले, तिनेच त्या शहराचे संरक्षण हिरावून घेतले.