घरात सगळे शिकलेले, तरी खाण्यात चूक का?

प्रश्न : आमच्या घरात सगळे शिकलेले आहेत, पण खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा पोषणतक्ता कोणी वाचत नाही. मग शिक्षणाचा आरोग्याला उपयोग काय?

उत्तर : उपयोग नक्की आहे, पण अक्षरओळख ही पहिलीच पायरी. केरळ साक्षरतेत अग्रेसर आहे, तिथे बालमृत्यूही कमी आहेत. तरी मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे. लसीकरणाची सूचना वाचून पाळता येते. रोजचे खाणे निवडायला मात्र आकड्यांची आणि जाहिरात पारखण्याचीही साक्षरता लागते. समजा, १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. त्याला अडीचने गुणले की २ ग्रॅम मीठ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हा गुणाकार करणाऱ्यालाच तो आकडा बोलका होतो. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर वरच असेल, तर दर्शनी भागावरच्या ‘पौष्टिक’ या शब्दावर विसंबू नये.

कोणी म्हणेल, कळले तरी वळत नाही. शिवाय बारीक इंग्रजी अक्षरे आणि महाग फळे यांपुढे वाचक काय करणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच ठळक मराठी लेबले मागायला हवीत. पण ती मागणीही लेबल वाचू पाहणाराच करील.