फोन गप्प का आहे?

भिलाईच्या हुडकोतलं घर, रविवारची सकाळ. मामा स्टील प्लांटमधल्या ब्लास्ट फर्नेसच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. भाची दुर्गच्या एका कॉलेजात नेटवर्क सांभाळते. पोह्यांच्या बशा पुढे आल्या आणि तिचा फोन दोनदा थरथरला.

मामा : सुट्टीच्या दिवशीपण ड्यूटी?

भाची : होस्टेलमधला एक स्विच बंद पडलाय. लाइट गेली असेल. मुलं अजून झोपलीत, म्हणून कोणाचा फोन नाही.

मामा : मग तुला सांगितलं कोणी?

भाची : झॅबिक्सनं. कॉलेजातल्या एका जुन्या सर्व्हरवर हे सॉफ्टवेअर चालतं. दर मिनिटाला प्रत्येक स्विचला, राउटरला हाक मारायची. ओ आली नाही की मला कळवायचं. या हाकेला पिंग म्हणतात. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ साली लिहिलेला एवढासा प्रोग्राम. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यानं ते नाव ठेवलं. पण नुसती ओ पुरत नाही. लाइनवर किती माल वाहतोय, यूपीएसची बॅटरी किती उरलीय, हे विचारायला एसएनएमपी नावाची ठरलेली भाषा आहे. तीही १९८८ ची.

मामा : म्हणजे आमची कंट्रोल रूमच की. स्टोव्हचं तापमान, पाण्याचं प्रेशर, सगळं एका जागी. केवढ्याला पडलं?

भाची : फुकट.

मामा : फुकटच्या मशिनीचे स्पेअर कुठे मिळतात?

भाची : (हसत) रिगाला.

मामा : हसू नको, मी मेंटेनन्सवाला आहे. मशीन कोणी बनवली हे मी शेवटी विचारतो. बिघडल्यावर कोण येणार, ते आधी.

भाची : मग ऐका. अलेक्सेई व्लादिशेव्ह नावाचा माणूस १९९८ मध्ये लॅटव्हियातल्या एका बँकेत काम करत होता. तिथल्या कामापुरतं त्यानं हे लिहिलं आणि २००१ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. २००५ मध्ये तिथंच, रिगाला, कंपनी काढली. सॉफ्टवेअर फुकट, शिकवण्याचे, बिघाड दुरुस्त करून देण्याचे पैसे. त्यातून पगार निघतात, म्हणून नवी व्हर्जन येत राहतात.

मामा : लॅटव्हिया म्हणजे आपला प्लांट उभारायला आलेल्या रशियन इंजिनिअरांतलाच की तो!

भाची : १९९१ पासून वेगळा देश आहे, मामा. त्यांच्यापुढे असं म्हणू नका.

मामा : बरं. पण उद्या मालकाचं मन फिरलं तर?

भाची : तेही होतं. नागिओस नावाचं असंच सॉफ्टवेअर याच्याही आधी गाजलेलं. एथन गॅलस्टॅडनं १९९९ मध्ये काढलं तेव्हा नाव नेटसेंट होतं. नावावरून कायद्याची कटकट नको म्हणून २००२ मध्ये बदललं. लोक सुधारणा पाठवत राहिले आणि त्या पडून राहतात अशी कुरकुर सुरू झाली. २००९ मध्ये काही जणांनी सगळा सोर्स कोड उचलला आणि आयसिंगा नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं. ऑब्झर्व्हियम नावाच्या अशाच आणखी एका सॉफ्टवेअरनं परवान्याच्या अटी बदलल्या, तर तिथूनही २०१३ मध्ये लिब्रेएनएमएस असाच फाटा फुटला.

मामा : आणि हे चालतं? चोरी नाही?

भाची : परवान्यातच लिहिलेलं असतं. मशिनीबरोबर पूर्ण ड्रॉइंग मिळतं, आणि त्यावरून दुसरी बांधायची मुभा.

मामा : ड्रॉइंग असलं की अर्धी लढाई जिंकली, हे खरं. पण उरलेली अर्धी? ड्रॉइंग वाचणारी माणसं रिटायर झाली तर कागद काय कामाचा?

भाची : तिथंच घोडं अडतं. एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी आहे. लिनक्सच्या पोटात कुठंतरी असते, नाव कोणी घेत नाही. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा माणूस ती वर्षानुवर्षं एकटा सांभाळत होता, पगाराविना. थकला होता, आणि तसं त्यानं सांगितलंही होतं. 'जिया टॅन' नावानं कोणीतरी आलं, दोन वर्षं निमूट मदत केली, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या. मग २०२४ च्या सुरुवातीला सर्व्हरमध्ये दुरून शिरता येईल असा चोरदरवाजा बसवला.

मामा : अरे बापरे! सापडलं कसं?

भाची : आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर वेगळंच काहीतरी मोजत होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्यानं जगाला सांगितलं.

मामा : (खुर्ची पुढे ओढत) अर्धा सेकंद! आम्ही बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचो आणि मूठ कानाला लावायचो. आवाज किंचित फिरला की कळायचं, ही आठवडा काढणार नाही. साहेबाला मीटरवर काही दिसायचं नाही. हा गडी आमच्यातला आहे. आणि त्या बिचाऱ्या कॉलिनला रिलीव्हर मिळाला नाही, म्हणून घात झाला. रिलीव्हर आल्याशिवाय शिफ्ट सोडायची नाही, पण रिलीव्हर द्यायचा कोणी?

भाची : आता थोडे पैसे यायला लागलेत. आपल्याकडे झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. प्रोमेथियस नावाचं दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर २०१६ मध्येच एका फाउंडेशनकडे गेलं. कोणा एका कंपनीची त्यावर मालकी नाही. झॅबिक्सनं २०२४ मध्ये परवाना कडक केला. आता कोणी त्यात बदल करून ते इंटरनेटवरची सेवा म्हणून चालवलं, तर बदललेला कोडही वापरणाऱ्यांना द्यायचा.

मामा : चांगलं केलं. आणि तुमचं कॉलेज काय देतं?

भाची : आम्ही? ...काही नाही. आमच्या यूपीएसचे आकडे नीट येत नव्हते, तेव्हा मी झॅबिक्ससाठी एक टेम्प्लेट लिहिलं होतं. तोच यूपीएस असलेल्या कोणालाही उपयोगी पडलं असतं. लॅपटॉपमध्ये पडून आहे.

मामा : आणि तो सर्व्हर? त्याचं शेवटचं मेंटेनन्स कधी?

भाची : माझ्या आधीच्या सरांनी बसवला. ते गेले. तीन वर्षांत व्हर्जन बदललेलं नाही. बदलताना बंद पडलं तर, म्हणून कोणी हात लावत नाही.

मामा : लॉगबुक?

भाची : नाही.

मामा : बॅकअप?

भाची : त्याच सर्व्हरवर.

(मामांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ज्युनिअरनं खोटी सही केलेली सापडल्यावर पाहायचे तसं.)

मामा : चहा घे. आणि एक सांग. स्विच बंद पडला की तो सर्व्हर तुला कळवतो. तो स्वतः बंद पडला तर कोण कळवतं?

भाची : बाहेर दुसरं एखादं मशीन ठेवतात. ह्यानं दर पाच मिनिटांनी त्याला 'मी आहे' म्हणायचं. म्हणाला नाही, की ते ओरडतं.

मामा : ठेवलंय?

भाची : ठेवायचं आहे.

मामा : तासभर झाला, तुझा फोन वाजला नाही. होस्टेलची लाइट आल्याचंही त्यानं सांगितलं नाही.

भाची : अजून आली नसेल.

मामा : नसेलही.

(तिनं बशी बाजूला सारली आणि लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली.)