बालवाङ्मयाच्या कपाटातील कादंबऱ्या

विज्ञान-कादंबरी म्हटली की ती मुलांची करमणूक, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. कादंबरीचे ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण, दलित असे प्रकार आपण तासाला लिहून घेतो. त्यांत हिचे नाव आलेच तर शेवटच्या ओळीत येते. ही उपेक्षा केवळ मराठीतली नव्हे.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने 1863 साली ‘विसाव्या शतकातील पॅरिस’ ही कादंबरी लिहिली. काळ 1960 चा. रस्त्यांवर वायूवर चालणाऱ्या गाड्या धावतात, दूरवर चित्रे धाडणारी यंत्रे आहेत. आणि लॅटिन काव्याचे बक्षीस मिळविलेल्या नायकाची कोठेही धड नोकरी टिकत नाही, कारण त्या शहरात यंत्र आणि पैसा यांखेरीज कशालाच किंमत उरलेली नाही. आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना यावर हसावे की रडावे कळणार नाही! हे भविष्य कोणी खरे मानणार नाही, असे सांगून प्रकाशक हेट्झेल यांनी हस्तलिखित नाकारले. ते छापले गेले 1994 साली.

येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक जहाजबांधणीचा अभियंता. त्याच्या ‘आम्ही’ या कादंबरीतील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ती 1924 साली प्रथम इंग्रजी भाषांतरातून न्यूयॉर्कला निघाली. स्वदेशात तिला 1988 पर्यंत वाट पाहावी लागली. लेखक 1937 सालीच पॅरिसमध्ये वारला होता. प्रकाशकाला व्हर्नची कादंबरी अशक्य वाटली, तर राज्यकर्त्यांना ही फारच शक्य वाटली असावी.

मराठीत नकार नाही, बंदीही नाही. दखल मात्र उशिरा घेतली गेली. हे वाङ्मय परके, आपल्या मातीतले नव्हे, असा आक्षेप ऐकू येतो. तो मला पटत नाही. ‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920 च्या नाटकातून जगभर गेला. (कादंबरी नव्हे, पण गोत्र तेच.) मूळ चेक शब्द ‘रोबोटा’, त्याचा अर्थ वेठ. डहाणू-तलासरीत वेठ म्हणजे काय हे शब्दकोशात पाहावे लागत नाही. माझ्या पणजोबांच्या पिढीने ती केली आणि 1945 साली झरीच्या सभेनंतर वारल्यांनी ती नाकारली. यंत्रमानवांच्या बंडाची गोष्ट आम्हांला परकी कशी?

डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली, अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस तिलाच मिळाले. म्हणजे नावाविना कथा पारखली गेली. पुढे त्यांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या लिहिल्या. 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या मानात शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा वाटा किती आणि कादंबरीकाराचा किती, हा प्रश्न मला पडतो. कारण नारायण धारप यांच्यामागे अशी कीर्ती नव्हती. होते ते वाचक. भयकथालेखक हा शिक्का त्यांच्यावर बसला, आणि त्यांच्या विज्ञान-कादंबऱ्याही त्याखाली गेल्या.

‘नेनचिम’ मला वाचनालयात भुताखेतांच्या पुस्तकांतच सापडली. आतील तारखांची चिठ्ठी भरून गेल्यामुळे तिच्यावर दुसरी चिकटविलेली होती, आणि तीही भरत आली होती.