हातात हात

स्पेन देशात बार्सिलोना नावाचे शहर आहे. १९९२ साली तेथे ऑलिंपिकचे सामने झाले. साऱ्या जगाचे खेळाडू आले.

बायकांची दहा हजार मीटरची शर्यत लागली. मैदानाचा एक फेरा ४०० मीटरचा. मग किती फेरे झाले? हिशेब करा. पंचवीस!

धावणाऱ्यांत देरार्तू तुलू होती. इथिओपिया देशाची काळी मुलगी. शेतकऱ्याची लेक. लहानपणी गुरे राखायची. दुसरी एलाना मेयर. दक्षिण आफ्रिकेची गोरी बाई. तिच्या देशात सरकार गोऱ्यांचे. काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी. त्यांना मतही नव्हते. म्हणून त्या देशाला ऑलिंपिकची बंदी होती. तसले कायदे रद्द होऊ लागले, तेव्हा तो देश ३२ वर्षांनी परत आला.

एलाना पुढे निघाली. देरार्तू तिच्या पाठोपाठ. तिने घाई केली नाही. दम राखला. शेवटचा फेरा आला आणि ती जी सुटली, ती पुढेच! ३१ मिनिटे ६ सेकंदांत तिने शर्यत जिंकली. ऑलिंपिकचे सोन्याचे पदक मिळवणारी आफ्रिकेची ती पहिली काळी स्त्री.

जिंकल्यावर देरार्तू एलानासाठी थांबली. दोघींनी हातात हात घेतला. तशीच मैदानाला फेरी घातली.

एका फेरीने भेद मिटत नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना मत मिळायला १९९४ साल उजाडले. पण सुरुवात अशीच होते.

प्रश्न :
१. देरार्तूने दम का राखला?
२. आपल्या गावात पंगतीला कोणी वेगळे बसते का? का बसते?