भाड्याच्या जागेचा हिशेब : फाइल-प्रेषण खाती आणि साठवण-मर्यादा

लाभार्थ्यांची यादी सायंकाळी पाचपर्यंत संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावयाची असते. साडेचार वाजता लिपिक ती फाइल चढवू लागतो आणि पडद्यावर ५५२ हा आकडा उमटतो. वीज आहे, जोडणी आहे, परवलीचा शब्दही बरोबर आहे. तरी फाइल पुढे सरकत नाही. यादीत आपले नाव शोधणाऱ्याला या आकड्याचा अर्थ ठाऊक नसतो. तो कार्यालयाला मात्र ठाऊक असावयास हवा.

फाइल-प्रेषणाच्या पद्धतीचा, म्हणजेच एफ.टी.पी.चा, पहिला मसुदा कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये लिहिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पुढे १९८५ साली जी नियमावली निश्चित झाली, तीत ५५२ चा अर्थ 'नेमून दिलेली साठवण-जागा ओलांडली' असा दिला आहे, तर ४५२ चा अर्थ 'यंत्रणेतच पुरेशी जागा नाही' असा आहे. पहिल्या प्रसंगी आपल्या खात्याची मर्यादा तपासावयाची. दुसऱ्या प्रसंगी सेवा पुरवणाऱ्याला कळवावयाचे. सर्वच सर्व्हर हा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत, म्हणून आकड्यासोबतचे वाक्यही वाचणे इष्ट.

मर्यादेची कल्पना एकाच संगणकावर अनेकांचा संसार चालत असे त्या काळातील आहे. युनिक्सच्या बर्कले आवृत्तीत १९८३ साली ती रूढ झाली. तीत दोन रेषा असतात. सौम्य रेषा ओलांडली तर इशारा मिळतो आणि, सामान्यतः सात दिवसांची, सवलत मिळते. कठोर रेषा मात्र क्षणभरही ओलांडता येत नाही. याशिवाय फाइलींच्या संख्येवरही वेगळी मर्यादा घालता येते. त्यामुळे जागा शिल्लक असूनही हजारो बारीकसारीक फाइलींमुळे खाते अडू शकते.

खरा घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. समजा, एका कार्यालयाने १० जी.बी. जागा भाड्याने घेतली आणि छायाचित्रे, निविदा व परिपत्रके यांसाठी तीन उपखाती उघडून प्रत्येकाला २ जी.बी.ची मर्यादा घातली. ही २ जी.बी. कोणासाठी राखून ठेवलेली नसते; ती केवळ छताची उंची असते. मूळ खात्यातील टपालपेट्या, माहितीकोश आणि जुन्या नोंदी मिळून १० जी.बी. भरली, की निविदांच्या उपखात्यात जेमतेम ३०० एम.बी. असले तरी तेही अडते. लिपिक आपल्या उपखात्याचा आकडा पाहून चकित होतो आणि सेवा पुरवणाऱ्याशी निष्कारण वाद घालतो.

याउलट प्रकारही घडतो. प्युअर-एफटीपीडी या प्रचलित सर्व्हरमध्ये आभासी मर्यादेचा हिशेब एका लहानशा लपलेल्या फाइलीत ठेवला जातो : किती फाइली, किती बाइट. एफ.टी.पी.द्वारे केलेली भर वा वजावट तीत नोंदली जाते. परंतु नियंत्रण-पटलातील फाइल-व्यवस्थापकातून किंवा एखाद्या आज्ञावलीतून काही पुसले, तर त्याची वजावट आपोआप होत नाही. फोल्डर रिकामा असूनही खाते भरलेले दिसते. अशा वेळी सर्व्हरच्या प्रशासकाकडून फेरमोजणी करून घ्यावी लागते.

जागा कोठे गेली, याचा शोध बहुधा त्याच त्या ठिकाणी संपतो. चुकांची नोंद ठेवणारी फाइल महिनोन्‌महिने कोणी उघडलेली नसते. केराच्या फोल्डरात टाकलेल्या फाइली तो रिकामा करीपर्यंत जागा अडवून बसतात. संकेतस्थळाच्या संपूर्ण प्रती तेथेच साठवलेल्या असतात. सर्व्हर बिघडला तर मूळही गेले आणि प्रतही गेली, तेव्हा त्यांना सुरक्षित प्रत म्हणणे धाडसाचेच! छायाचित्रांचे म्हणाल तर भ्रमणध्वनीवरील ४ एम.बी.ची सुमारे २५० चित्रे एक जी.बी. खातात, पडद्यावर पाहण्यासाठी तीच चित्रे प्रत्येकी ३०० के.बी.त सहज बसतात.

मर्यादा ठरवताना वर्षभरात किती भर पडते ते आधी मोजावे आणि सर्व मर्यादांची बेरीज मूळ जागेपेक्षा कमीच राहील असे पाहावे. 'मर्यादा नाही' हा पर्याय सोयीचा भासतो. पण मग एकाच उपखात्याची चूक सर्वांना भोवते. काही पटलांत शून्य लिहिले की जागा नाकारली जात नाही, उलट अमर्याद होते, हेही ध्यानात ठेवावे. बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे उपखाते तत्काळ बंद करावे. मात्र ते पुसताना खात्यासोबत फोल्डरातील फाइलीही पुसावयाच्या काय, अशी विचारणा अनेक पटलांवर होते. घाईने 'होय' म्हटले तर जागा मोकळी होते खरी, पण त्या फोल्डरातील परिपत्रकेही तिच्याबरोबर जातात.